मनगटातली कुजबुज

भर कोर्टात, न्यायाधीशांचा प्रश्न अर्धा सांगून झालेला असताना, तिचं उजवं मनगट निसटलं. कट् असा आवाज झाला, तोही फक्त तिलाच ऐकू आला. समोर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात लाँड्रीत इस्त्री करणारी एक बहिरी बाई उभी होती आणि दुभाषी म्हणून हिने तिला हातांच्या भाषेत विचारायचं होतं, घरमालकाने दार तोडलं तेव्हा तुम्ही कुठे होतात? ‘घरमालक’ झाला, ‘दार’ झालं, आणि ‘तोडलं’च्या मध्यावर हात खाली लोंबला. कळ अशी आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. गंमत म्हणजे कोर्टातल्या एकाही शहाण्याला काही कळलं नाही. ऐकू येणाऱ्या माणसांना ही भाषा म्हणजे नुसते हातवारे. हात लोंबणं, तोंड वाकडं होणं, ओठ चावणं हे सगळं त्यांना वाक्याचाच भाग वाटलं. एक वकील तर समजल्यासारखी मान डोलवत होता. कळलं फक्त इस्त्रीवाल्या बाईला. तिने झटकन हातांनी विचारलं, तुमच्या हाताला काय झालं? आता दुभाष्याचा नियम असा, की हातांनी जे काही बोललं जाईल ते जसंच्या तसं, बोलणाऱ्याच्याच तोंडचं म्हणून, मोठ्याने सांगायचं. त्यात आपली काटछाट नाही आणि आपली लाजही नाही. इतकी वर्षं पाळलेला नियम आपोआप जिभेवर आला आणि ती खणखणीत आवाजात म्हणाली, "तुमच्या हाताला काय झालं?" न्यायाधीशांनी दचकून स्वतःचा हात उलटापालटा करून पाहिला. "माझ्या हाताला? काही नाही." इस्त्रीवाली म्हणाली, फार दुखतंय का? "फार दुखतंय का?" ती म्हणाली. "अहो, मला काहीही दुखत नाहीये," न्यायाधीश वैतागले, "साक्षीदाराला म्हणावं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्या." मागच्या खुर्चीवरून तिचा जोडीदार अर्धवट उठला होता. दुभाषे जोडीनेच काम करतात. एकाचे हात थकले की दुसरा उभा राहतो. जोडीदाराला सगळे लांब्या म्हणायचे, कारण तो होताच तसा. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट खाली बसला. मग डाव्या हाताने उजवा कोपराखाली धरून तिने तो प्रश्न पहिल्यापासून परत विचारला, ‘तोडलं’सकट.

सुटी झाल्यावर ती बायकांच्या स्वच्छतागृहात नळाखाली मनगट धरून उभी राहिली. दाराबाहेरून लांब्या विचारत होता, "बाई, जिवंत आहेस ना?" "आहे." "मग मला उठू का नाही दिलंस?" "वाक्य माझं होतं." "वाक्य न्यायाधीशांचं होतं," लांब्या म्हणाला, "आणि हात बघ कसा झालाय. सुजून भोपळा होईल उद्यापर्यंत." त्याचं बरोबर होतं, म्हणूनच तिला राग आला. गार पाण्याखाली तिने बोटं एकेक करून हलवून पाहिली. हे मनगट पहिल्यापासूनच असलं. एक मनगटच कशाला, सगळं अंगच सैल. बोटं मागे वाकायची, कोपर उलटा जायचा, अंगठा दुमडून हाताला आतून टेकायचा. बाबा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. त्यांना कुठलाही जोड दिसला की तो हलवून पाहायचा नाद होता, त्यामुळे धाकट्या लेकीचं त्यांना भारी कौतुक. पाहुणे आले की हाक यायची, "अगं रबर, ये बघू इकडे." ती यायची, अंगठा टेकवून दाखवायची, पाहुण्या बायका "ई गं!" करून डोळ्यांवर हात घ्यायच्या, आणि थोरली ताई दारात पट्टीसारखी सरळ उभी राहून सगळं बघत असायची. तिचा अंगठा एक इंचही वाकायचा नाही. पुढे एकदा बाबांच्या एका मित्राला चेव आला आणि त्याने तिचा अंगठा स्वतःच धरून मागे वाकवला. दुखलं असं नाही, पण ती त्याच्या हाताला अशी कडकडून चावली की तो माणूस खुर्चीवरून उठून नाचायलाच लागला. बाबांनी विचारलं, रोज तर वाकवतेस, मग आजच काय झालं? तेव्हा तिला सांगता आलं नव्हतं. वाकायचं तर मी वाकेन, दुसऱ्याने वाकवायचं नाही, एवढी साधी गोष्ट. पण सात वर्षांच्या पोरीला ती शब्दांत कुठली सापडणार? आई मात्र स्वयंपाकघराच्या दारातून हातांनी म्हणाली होती, बरं केलंस.

आई जन्मापासून बहिरी. तिच्या लहानपणी तिला ज्या शाळेत ठेवलं, तिथे हातांनी बोलायची बंदी होती. मुलांनी ओठ बघून समजून घ्यायचं आणि तोंडाने बोलायला शिकायचं, असा बाईंचा हट्ट. ज्याचे हात हलतील त्याला आपले हात मांडीखाली घेऊन त्यांच्यावर बसवून ठेवायचे. म्हणून ती पोरं बाकाखाली बोलायची. खांदे हलले तर मागून दिसतात, कोपर हलला तरी दिसतो. म्हणून कोपर बरगड्यांना चिकटवून नुसत्या मनगटाने आणि बोटांनी मांडीवरच सगळं बोलणं. इतक्या वर्षांच्या शाळेतून आई तोंडाने एकही शब्द धड बोलायला न शिकता बाहेर पडली, पण ही बाकाखालची भाषा घेऊन आली, आणि ती तशीच राहिली, छातीच्या वर कधी न येणारी, बारीक, भरभर, मनगटातल्या मनगटात. इतर बहिरी माणसं अजून हसतात, तुझी आई पुटपुटते म्हणतात. दोघी मुली हीच भाषा पहिली शिकल्या. आईने मुलींना नावंही त्याच भाषेत ठेवली होती, हातांची नावं. ताईचं नाव हनुवटीला टेकलेलं सरळ बोट. हिचं नाव म्हणजे उभा धरलेला हात मनगटातून अलगद दोनदा वाकवायचा. तान्हेपणी न्हाऊ घालताना तिचे हात असे दुमडून यायचे म्हणून. कागदावरचं नाव निराळं होतं, पण घरात ते कोण विचारतो? ताईने लग्न झाल्यावर ही भाषा हळूहळू सोडून दिली. आता ती आईशी तोंडाने, मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलते आणि आई थोरल्या लेकीचा मान म्हणून मान हलवते. धाकटीने लग्न केलं नाही, आईजवळ राहिली, आणि त्याच भाषेवर पोट भरू लागली.

डॉक्टरांकडे जायचं ठरवलं ते ताईने, नंबर लावला तो ताईने, आणि खुर्चीत डॉक्टरांच्या अगदी समोर बसली तीही ताईच. डॉक्टर वयाने तरुण होते, माणूस सरळ होता. त्यांनी टेबलावर प्लास्टिकचा हात ठेवला आणि त्यातलं मनगट उघडून दाखवलं. "लोकांना वाटतं मनगट हा एक सांधा आहे. तो एक नाहीच. ही बघा, खड्यांएवढी आठ हाडं, दोन ओळींत. या आतल्या ओळीला ओढायला स्वतःचा स्नायू जवळजवळ नाहीच. शेजारची हाडं ढकलतील तशी ही सरकतात. त्यांना एकमेकांशी धरून ठेवतात त्या या दोऱ्या. लिगामेंट म्हणतात ते हेच. तुमच्या दोऱ्यांचं सूतच जन्मापासून सैल आहे. म्हणून हाडं नको तिथे सरकली, घासली. हाडांच्या टोकाला गुळगुळीत अस्तर असतं, कूर्चा म्हणतो आम्ही, ते झिजलं. आता हाडाला हाड लागतंय." "अस्तर परत येतं का?" तिने विचारलं. "नाही. कूर्चेत रक्त फिरत नाही, भरून येणार कुठून?" मग त्यांनी तिच्या दंडावरून, हातावरून बोटं दाबत नेली आणि सहज म्हणाले, "इतकी वर्षं तुमच्या स्नायूंनीच दोऱ्यांचंही काम केलंय. इतरांचे सांधे आपले आपण धरलेले असतात, तुम्हाला ते दिवसभर धरून ठेवावे लागतात. संध्याकाळी गळून जात असाल ना?"  संध्याकाळी ती गळून जायची हे खरंच होतं, आणि लहानपणापासून त्याला घरीदारी एकच शब्द होता, आळशी. कॉलेजात उभं राहून राहून पाय भरून आले की ती भिंतीला टेकायची, आणि मैत्रिणी म्हणायच्या, हिला भिंत लागतेच. आणि हा कोण कुठला माणूस बोटांनी चाचपून सांगत होता की ती जन्मभर, चहाचा कप उचलतानाही, कामावर होती. रडू आलं असतं, पण ताई शेजारी बसली होती. ताईने रडू दिलं नसतं असं नाही, पण रडल्याचा अर्थ तिने लगेच ‘म्हणजे ऑपरेशन करू या’ असा लावला असता.

आणि ऑपरेशनचीच गोष्ट निघाली. धातूची पट्टी घालायची, हाडं एकमेकांना जुळवून टाकायची. काही महिन्यांत ती सगळी मिळून एकच हाड होतं. "सांधाच उरला नाही की दुखणार काय?" डॉक्टर म्हणाले. "बघ!" ताई म्हणाली. "बोटं हलतील, मूठ वळेल, हात पालथा-उताणा करता येईल. वर-खाली तेवढा वाकणार नाही." त्या ‘तेवढा’वर तिचं मन अडकलं. "आणि नाही केलं तर?" "तर जिवाला धोका काही नाही. दुखत राहील, हळूहळू वाढेल, व्यायाम करायचे, पट्टा वापरायचा, जमेल तितकं काम करायचं. निर्णय तुमचा आहे. घाई करू नका. आधी पंधरा दिवस प्लास्टर घालून बघू. ऑपरेशननंतर हात जसा राहील तसाच त्यात राहतो. राहून बघा." घरी जाताना टॅक्सीत ताई उत्साहाने बोलत होती, तिच्या कुणा नणंदेच्या गुडघ्याबद्दल, विज्ञान किती पुढे गेलंय त्याबद्दल, आणि ती मांडीवरच्या ओल्या, जड, पांढऱ्या हाताकडे पाहत होती. तो हात कोपरापासून पुढे आता बोलणारच नव्हता, नुसता ऐकणार होता.

पण खोटं कशाला सांगायचं, सुख वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठली तर काहीच दुखत नव्हतं. किती वर्षांनी असं झालं ते तिला आठवेना. दुखणं इतकं मुरलेलं होतं की ते घड्याळाच्या टिकटिकीसारखं ऐकूच येईनासं झालं होतं. आता थांबल्यावर कळलं की खोलीत घड्याळ होतं. पिशवी कोपराला अडकवून ती बाजारात गेली आणि परत आली, तरी काही नाही. तिने ताईला फोन करून सांगितलं, "नाही दुखत गं," आणि ताई चक्क रडली. ताईचं प्रेम असं एकदम वर येतं, मग बोलायची सोय राहत नाही. "अगं रबरबाई, मला तुला दुखताना बघवत नाही," ताई म्हणाली, "लहान असताना ते लोक तुझी बोटं वाकवून बघायचे ना, तेव्हाही मला बघवायचं नाही. तुला वाटायचं मी जळते."  

घोटाळा सुरू झाला तो जेवणाच्या टेबलावर. आईला सांगायचं होतं की मीठ कमी आहे. कुणी पाहुणा नाही, काही नाही, साधं मीठ. तिने हात उचलला आणि मनगट वाकेना, म्हणून हालचाल कोपरातून आली, कोपराबरोबर खांदा आला, आणि एवढासा शब्द हवेत मोठा होऊन पडला. आई दचकून मागे सरली. ओरडतेस कशाला? आईने विचारलं. मी ओरडत नाही, ती म्हणाली, आणि तेही ओरडूनच म्हणाली. मग दोघी हसल्या. पहिल्या दिवशी हसल्या. पुढे कळत गेलं की नुसता आवाज मोठा झाला असं नव्हतं, बारीकसारीक सगळंच गेलं होतं. थट्टा मनगटात असते. ‘जा तिकडे’ रागाने म्हणायचं आणि ‘जा तिकडे’ लाडाने म्हणायचं यात शेवटी मनगट जरा सोडून द्यायचं एवढाच फरक. आता सगळे ‘जा तिकडे’ सारखेच, रागाचे. बसमध्ये समोर बसलेल्या माणसाबद्दल आईला हळूच काही सांगायची सोय उरली नाही. आणि स्वतःचं नाव. शेजारी नव्याने राहायला आलेल्या बहिऱ्या बाई भेटायला आल्या, आईने ओळख करून दिली, ही माझी धाकटी, नाव सांग. तिने हात उभा धरला, तो उभाच राहिला. वाकवायला गेली तर आख्खा हात पुढे झुकला, नमस्कार करणाऱ्या दांडग्या माणसासारखा. डाव्या हाताने सांगता आलं असतं, पण तिला त्या क्षणी इतका संताप आला की ती म्हणाली, चहा आणते, आणि आत निघून गेली.

लांब्या म्हणायचा प्लास्टर असेपर्यंत घरी बस. ती बसली नाही. इस्पितळात एका म्हाताऱ्या बहिऱ्या सुताराच्या बायकोवर उपचार चालू होते, तिथे दोघांची पाळी होती. लांब्या पाणी प्यायला गेला आणि तेवढ्यात मोठे डॉक्टर आले, त्यांना घाई होती, ते म्हणाले, "यांना सांगा, आता फार दिवस नाहीत." लांब्याला हाक मारायला हवी होती, हे तिला पुढे शंभरदा वाटलं. तिने सांगितलं. असली गोष्ट सांगायची एक रीत असते. हात जवळ घ्यायचे, छातीशी, आणि शेवटचा शब्द मनगटातून खाली उतरवायचा, ठेवायचा, टाकायचा नाही. तिचा हात कोपरातून आला आणि तो शब्द त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर बसला. त्याने खरोखर चेहरा बाजूला घेतला, कुणी मारायला हात उगारल्यावर घेतात तसा. मग तो हातांनी म्हणाला, समजलं, ओरडू नका, समजलं. आणि नियमाप्रमाणे तिने ते मोठ्याने म्हटलं, "समजलं. ओरडू नका. समजलं." डॉक्टरांना वाटलं म्हातारा त्यांना म्हणतोय. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि आवाज खाली आणला. पण तो कुणाला म्हणाला ते तिला पुरतं ठाऊक होतं.

त्या दिवशी घरी येऊन तिने ठरवून टाकलं, ऑपरेशन नाही. आई टेबलाशी मटार सोलत बसली होती, ती समोर जाऊन बसली आणि आपल्या नव्या ओरडत्या आवाजात सांगून टाकलं, मी ऑपरेशन करणार नाही. आईने शेंग खाली ठेवली. आईची बोटं आता पेरापेरात सुजलेली असतात, अनामिका सरळच होत नाही, पण बोलायला लागली की त्या बोटांना धीर धरवत नाही. का नाही करणार? आईने विचारलं. तुझ्याशी कसं बोलू मग? आत्ता बोलतेस तसं, आई म्हणाली, ओरडून. मला काय त्याचं, मी बहिरी आहे. आणि स्वतःच्या विनोदावर खांदे हलवून हसली. लेक हसली नाही. ती म्हणाली, ही तुझी भाषा आहे, बाकाखालची, ती मी अशी मोडून टाकू? आईचा चेहरा बदलला. तिने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले, मग उताणे केले. ही बोटं बघ, आई म्हणाली. यांत ती भाषा उरली आहे? अर्धे शब्द मी अर्धेच म्हणते, तू ते पुरे करून घेतेस. म्हणून मी गप्प बसले का? मी नाही गप्प बसले आणि तूही बसणार नाहीस. दुखणं मात्र माझ्या नावावर ठेवू नकोस. लोकांना सांगशील आईसाठी सोसते. मला नको ते. मी मेल्यावर कुणासाठी सोसशील? कुणाला सांगशील मग? एवढं बोलून आई परत मटार सोलायला लागली, भराभरा, दाणे इकडेतिकडे उडवत.

हे म्हणजे तोंडातच मारल्यासारखं झालं. इतके दिवस ताईशी, डॉक्टरांशी, लांब्याशी ती मनातल्या मनात भांडत होती आणि दर वेळी आईला पुढे करत होती, आणि आईने साफ बाजूला होऊन तिला एकटीला उभं केलं. ती आपल्या खोलीत गेली आणि खिडकीशी बसली. खाली रस्त्यावर कुणी गाडी मागे घेत होतं, कुणी त्याला हाताने या, या, थांबा करत होतं. बरं, आई नको म्हणते, मग कशासाठी? कामासाठी? लांब्याही काम करतोच की, आणि त्याचे हात वल्ह्यांसारखे चालतात, तरी कुणी तक्रार करत नाही. शिकता येईल, कोपरातून हळू बोलायलाही शिकता येईल, माणूस काय शिकत नाही? सुताराची माफी मागता येईल. खरं तर ऑपरेशन न करण्याचं एकही धड कारण तिला सापडेना, आणि कारण सापडत नाही तरी आतून कुणी ठाम मान हलवत होतं, नाही, नाही. ती तशीच बसून राहिली. आणि मग तिच्या लक्षात आलं की खोलीत फार शांत आहे. रस्त्याचे आवाज होते, आतून भांड्यांचे येत होते, शांत होतं ते निराळंच काहीतरी. तिने मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. एरवी ती अशी एकटी बसली की हा हात बोलत असतो. तिला कधी मुद्दाम बोलावं लागलं नाही. बसथांब्यावर, कोर्टाच्या बाकावर, गॅसपाशी, हात खाली सोडलेला असतो आणि मनगट आपलं आपलं चालू असतं, बारीक, बाकाखालच्या आवाजात, हे घ्यायचं राहिलं, तो काय मूर्ख माणूस होता, छान आहे ढग, पाय दुखतात, काही हरकत नाही. लोक बघतात, बाई वेडी आहे म्हणतात, म्हणोत. ती तोंडाच्या भाषेत विचार करते असं तिला वाटायचं, कारण कामाला, भांडायला, फोनला तीच लागते. पण आता प्लास्टर घातल्यापासून ती स्वतःशी एक शब्दही बोलली नव्हती. दुखत नव्हतं, झोप लागत होती, आणि डोक्यात शुकशुकाट होता. ताईला रडवणारं ते सुख हेच होतं का? दुखणं गेलं म्हणून गप्प वाटतंय असं ती समजत होती, आणि खरं म्हणजे तिचीच तिला बोलणारी जी कुणी होती ती त्या पांढऱ्या नळीत हात मांडीखाली घेऊन बसवलेली होती. तिला एकदम त्या बाईची भयंकर चीड आली, आईच्या शाळेतल्या, जिचं तोंडही तिने पाहिलं नव्हतं. मग वाटलं, बाईंना कशाला शिव्या द्यायच्या, इथे तर आपणच आपल्याला बसवायला निघालोय, आणि वर म्हणतोय किती छान वाटतंय! कुणासाठी नाही. आईसाठी नाही, त्या सुतारासाठीही नाही. मला माझ्याशी बोलायचंय. ती खिडकीशी बसून मोठ्याने, तोंडाने, "नाही म्हणजे नाही," असं म्हणाली आणि खालचा गाडीवाला वर बघायला लागला.

प्लास्टर काढायच्या दिवशी तिघी गेल्या. आईने यायचंच असं धरलं होतं. बारीक करवतीने डॉक्टरांनी कवच दोन बाजूंनी कापलं आणि आतून जो हात निघाला तो हाडकुळा, पांढराफटक, पापुद्रे सुटलेला, दुसऱ्याच कुणाचा असावा असा. "कसे गेले दिवस?" डॉक्टरांनी विचारलं. "अजिबात दुखलं नाही," ती म्हणाली, कारण ते खरं होतं. "ऐकलंत?" ताई म्हणाली, "मी हेच म्हणत होते." डॉक्टर खूश झाले. "मग तारीख धरू या. एक मात्र आजच ठरवायला हवं. हात कोणत्या कोनात जुळवू? एकदा जुळला की मग बदलत नाही. सरळ ठेवता येतो, किंवा थोडा वर. बहुतेकांना थोडा वरच सोयीचा पडतो, लिहायला, जेवायला. तुम्ही तुमच्या कामाचा विचार करून सांगा." आईने तिची बाही ओढली. काय म्हणतात ते? खोलीत बोललेलं सगळं आईला कळलंच पाहिजे, हा तर कोर्टाच्याही आधीचा नियम. तिने उजवा हात उचलला. मनगट गंजलेल्या बिजागरीसारखं कुरकुरलं. ते विचारतात, ती हातांनी म्हणाली, हात इथे थांबवू? आणि तिने तो सरळ धरला. की इथे? तिने तो किंचित वर उचलला. की इथे? अजून वर. तिसऱ्याला कट् झालं आणि ती ओळखीची कळ कोपरापर्यंत धावत गेली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात थांबला नाही, खाली आला, परत वर गेला, इथे, की इथे, की इथे, आणि प्रत्येक इथेच्या मधून सरकताना मनगट वाकत होतं. न वाकता हा प्रश्न विचारताच आला नसता. आईचे डोळे तिच्या हातावर खिळले होते. मग तू काय म्हणालीस? आईने विचारलं. अजून काहीच नाही म्हणाले. मग म्हण की. तिने छातीशी हात घेतला आणि बारीक, बाकाखालच्या आवाजात म्हणाली, नाही करायचं. आईने डोळे बारीक केले. माझ्यासाठी? नाही, ती म्हणाली, तुझा काही संबंध नाही. दुखेल, आई म्हणाली. दुखेल. म्हातारपणी जास्त दुखेल, माझ्याकडे बघ. बघतेय. आईने सुजलेल्या बोटांनी तिच्या दंडावर एक चापटी मारली आणि मग ती दोन वाकडी बोटं हलवत काहीतरी खास आपल्या दोघींतलं, अतिशय वाईट, कुणालाही सांगता न येणारं बोलली, आणि लेक फसकन हसली. "अगं, तुमचं काय चाललंय?" ताई म्हणाली, "डॉक्टर काय विचारतायत? कोन विचारतायत ते!" डॉक्टर पेन उघडून बसले होते. "किती लिहू?" "लिहू नका, डॉक्टर," ती म्हणाली, "मी ऑपरेशन करत नाहीये. व्यायाम सांगा, पट्टा द्या, दुखलं की येईन बोंबलत. पण वाकतं तोवर वाकू दे." "डोकं फिरलंय हिचं," ताई उभीच राहिली, "आत्ता तर म्हणालीस दुखलं नाही म्हणून! कोणासाठी हा हट्ट? अगं मी बोलतेय तुझ्याशी, इकडे बघ!" पण आई पुढे काही विचारत होती आणि तिचा हात उत्तराला निघालाच होता, दुखऱ्या मनगटातून, कोपर बरगड्यांना लावून.

"ताई, थांब जरा," ती म्हणाली. "आमचं बोलणं चाललंय."